न वाजणारं खोकं

देशात तेव्हा दोन गोष्टी अस्तित्वात नव्हत्या. एक, सरकारविषयी तक्रार; आणि दुसरी, ते खोकं. तक्रारीचं एक वेळ सोडून देऊ, ती कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात दबक्या आवाजात चालूच असे. खोकं मात्र अगदी नव्हतंच. ते कुठल्या नोंदवहीत नव्हतं, कुठल्या फोटोत नव्हतं, आणि ज्या सुताराने ते बनवलं होतं त्यालाही कुणी विचारलंच तर "कसलं खोकं?" असं तोंड वर करून म्हणायची सक्त ताकीद होती.

कारण साधं होतं. देशाचे सर्वेसर्वा, ज्यांना लहानमोठे सगळे 'थोरले' म्हणत, ते अंगाने फारच आखूड होते. भाषणाच्या उंच टेबलामागे ते नुसते उभे राहिले असते तर पहिल्या रांगेला त्यांचं कपाळ दिसलं असतं आणि मागच्या रांगांना फक्त माईक. म्हणून टेबलामागे एक लाकडी खोकं ठेवत. चांगलं दीड वीत उंच, एका बाजूला छोटी पायरी, वर टेबलाच्याच रंगाचं कापड. लोक यायच्या आत ते मंचावर जाई आणि लोक गेल्यावर तिथून निघे. थोरले त्यावर चढून तास-तासभर गर्जत आणि समोरच्या माणसाला वाटे, काय उंचापुरा गडी आहे!

हे खोकं बनवणारा मिस्त्री मोठ्या सभागृहाच्या सुतारखान्यात कामाला होता. त्याला सगळे 'गुण्या' म्हणत. गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात बसलाय की नाही हे तपासायचं सुताराचं हत्यार. माणूसही अगदी तसाच. जेवायला बसला तरी ताट टेबलाच्या कडेला सरळ आहे की नाही बघणार. शेजाऱ्याच्या दाराला फट दिसली की याच्या पोटात दुखायला लागे, आणि ती फट शेजाऱ्याला चारचौघांत दाखवून दिली की मगच ते थांबे. अशा माणसाला मित्र किती असणार? नव्हतेच. पण त्याच्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

खोक्याची खरी अडचण उंचीची नव्हती, आवाजाची होती. पोकळ लाकडावर बुटाचा पाय पडला की ढब्ब होतं, आणि माईक तर समोरच. आधीच्या मिस्त्रीचं खोकं एकदा वाजलं होतं. ते ढब्ब रेडिओवरून देशभर गेलं, आणि तो मिस्त्री पुढे कुणाच्या नजरेस पडला नाही. त्याच्या जागी गुण्या आला आणि खोकं गप्प झालं. वर्षानुवर्षं थोरले चढले, उतरले, रागाच्या भरात पाय आपटले, पण आवाज म्हणून नाही. इतर शहरांतले सुतार विचारून विचारून थकले. गुण्या सगळ्यांना एकच सांगे, "खोकं आहे, पोकळ असतं. फळी नीट जोडायची, झालं."

हे धादांत खोटं होतं. गुण्या खोकं भरत असे. दार आतून लावून, एकटा. तळाला बारीक वाळूच्या शिवलेल्या चपट्या पिशव्या, त्यावर जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, मग भुसा. भुसा नुसता ओतायचा नाही. थोडा घालायचा, लाकडी मोगरीने ठोकायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ठोकायचा. आणि चारही कोपऱ्यांत चिंध्यांच्या घट्ट वळ्या ठासायच्या, कारण आवाज कोपऱ्यातून निघतो. ही वळी त्याची स्वतःची अक्कल होती. तो डावखुरा असल्यामुळे ती डाव्या अंगाने पिळलेली असे. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. हातचं राखून ठेवलं नाही तर कारागिराला कुत्रं विचारत नाही, असा त्याचा पक्का समज.

एका माणसाने मात्र त्याला हे अगदी तोंडावर विचारलं होतं. तो त्याचा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं; लग्न करून आली तेव्हा पेटीबरोबर भावालाही घेऊन आली. आता तो त्याच सभागृहात वायरमन होता. माईक, दिवे, पंखे, सगळं त्याच्याकडे. हसरा, बडबड्या, आणि गुण्याची टिंगल करायची हिंमत असलेला जगातला एकमेव प्राणी. "दाजी, तुमच्या जन्माच्या वेळी सुईण बाजूला आणि ओळंबा पुढे होता काय हो?" असं तो जेवताना विचारी आणि ताई पदर तोंडाला लावून हसे. गुण्यालाही आतून बरं वाटे. त्याने कधी दाखवलं नाही, पण मेहुण्याच्या खाटेचे पाय त्याने तीनदा बदलून दिले होते, एक केसभर डुगडुगत होती म्हणून.

तर एकदा या मेहुण्याने सहज विचारावं तसं विचारलं, "दाजी, त्या खोक्यात आत काय असतं?"

"काय असणार? पोकळ असतं."

"अगदी पोकळ?"

"मग काय तुझ्या डोक्यासारखं भरलेलं असणार?" गुण्या म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

मेहुण्याने सहज विचारलं नव्हतं. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं तिच्या बापाला एका सकाळी दोन माणसं "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून घेऊन गेली होती, आणि चौथ्या दिवशी बापाचे बूट तेवढे परत आले. त्यानंतर मेहुण्याची सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांशी ओळख झाली. थोरल्यांचा काटा काढायचं त्या दोघांनी ठरवलंच होतं, फक्त जवळ जाऊ शकेल असा माणूस हवा होता. वायरमनएवढा जवळ कोण जातो? त्यांनी त्याला एक गाठोडं दिलं, पावाएवढं. ते खोक्यात ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि निघून यायचं. खोकं तर पोकळच होतं. घरच्याच माणसाने सांगितलं होतं, शंका कशाला घ्यायची?

स्थापनादिनाचं भाषण सकाळी अकराला होतं. गुण्याने नऊ वाजता खोकं जागेवर ठेवलं, ओळंबा लावून पाहिला आणि तो बाजूच्या पडद्यामागे जाऊन उभा राहिला; तिथून टेबलामागचं काही दिसत नसे. दहा वाजून गेल्यावर मेहुणा माईकची वायर ओढायच्या निमित्ताने टेबलामागे बसला. खोक्याच्या मागच्या फळीचे चार स्क्रू त्याने काढले, फळी बाजूला केली आणि हात आत घातला. हात आत गेलाच नाही. समोर भुशाची भिंत, दगडासारखी टणक.

इथे शहाण्या माणसाने फळी लावून घरचा रस्ता धरला असता. पण मेहुण्याला त्या बुटांची आठवण झाली असावी. तो स्क्रूड्रायव्हरने भुसा उकरायला लागला. उकरलेला भुसा पोत्यात, चिंध्या पोत्यात, पुन्हा उकर. अर्धं खोकं रिकामं झालं तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाला त्याच्या गुडघ्यांवर भुसा दिसला. वायरमनच्या गुडघ्यांवर भुसा कशाला? शिपाई वाकून बघायला आला आणि शेजारी ते गाठोडं होतं.

मागच्या दाराने, तोंडावर हात दाबून त्याला बाहेर नेलं. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. गाठोडंही गेलं. प्रश्न राहिला खोक्याचा. अकराला पाच मिनिटं कमी. खोकं हलवावं तर थोरले टेबलामागे बुडणार, आणि "आज जमिनीवर उभं राहा" हे त्यांना सांगणार कोण? पहाऱ्याच्या प्रमुखाने घाम पुसला, फळी लावून टाकली आणि देवाचं नाव घेतलं.

थोरले आले, चढले, आणि ढब्ब.

सगळ्या सभागृहाने ऐकलं. सगळ्या देशाने ऐकलं. थोरल्यांचा चेहरा लालबुंद झाला, ते पुढे सरकले तर पुन्हा ढब्ब. पडद्यामागे गुण्याने दोन्ही आवाज मोजले. इतकी वर्षं जपलेलं नाव दोन आवाजांत धुळीला मिळालं होतं. आपला मेहुणा आसपास कुठे दिसत नाही हे त्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही. खोकं वाजलं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात. संध्याकाळी बायको दारात उभी राहून भावाची वाट बघत होती आणि हा खाटेवर बसून पुटपुटत होता, "कोपरे मी स्वतः ठासले होते."

तिसऱ्या दिवशी ताईला निरोप आला, भावाचे कपडे घेऊन या. तिला पाच मिनिटं भेट मिळाली, मध्ये जाळी, शेजारी शिपाई. भावाच्या उजव्या हाताच्या बोटांना फडकी गुंडाळलेली होती आणि एक डोळा पूर्ण मिटलेला. तरी तो हसला. "ताई, काळजी करू नको. मी साहेबांना खरं ते सांगितलंय. मी त्या लोकांच्या धाकाने हो म्हटलं, पण मला पाप करवेना. गाठोडं मावू नये म्हणून मी खोक्यात भुसा भरत होतो, तेवढ्यात मला धरलं. दाजींना सांग, त्यांना विचारतील. ते नेहमी सांगतात तेच सांगा म्हणावं. खोकं पोकळ असतं."

शिपायाला यात वावगं काही दिसलं नाही. ताईला मात्र कळलं की आपल्या भावाचा जीव कशाला टांगलाय. अर्धं भरलेलं खोकं आणि अर्धं भरलेलं पोतं. तो भरत होता की उपसत होता? भरत होता म्हटलं तर तुरुंग. शेवटच्या क्षणी थोरल्यांवरच्या प्रेमाने विरघळलेला गरीब वायरमन, अशी गोष्ट थोरल्यांनाही गोड लागली असती. उपसत होता म्हटलं तर बंदुकीची गोळी. आणि हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, तो तिच्या घरात खाटेवर बसून कोपऱ्यांचा विचार करत होता.

तिने घरी येऊन सगळं सांगितलं. गुण्या ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण ते पोकळ नसतं."

"काय?"

"मी भरतो ते. पहिल्यापासून." आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे कुणाला सांगितलं होतं. "त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

नवऱ्याच्या एका फुशारकीपायी भाऊ कुठे जाऊन पोचला हे तिला लख्ख दिसलं. पण रडायला वेळ नव्हता. "मग आता एकदा अजून बोला," ती म्हणाली. "अहो, तुमच्या पाया पडते. तुम्ही सगळ्या जगाला पोकळ सांगत आलात, त्या साहेबाला पण सांगा. दोन शब्द आहेत."

"सांगतो," गुण्या म्हणाला. "माझाही तो कुणीतरी आहे." आणि हे मात्र खरं होतं. त्या रात्री दोघांनी जेवण केलं नाही.

तपास कचेरी जुन्या टपाल कचेरीत होती. खिडक्यांवर अजून 'तिकिटे' आणि 'पार्सल' अशा पाट्या होत्या. तपास अधिकारी पातळ केसांचा, मऊ आवाजाचा गृहस्थ. दाढ दुखत असल्यामुळे गालाला रुमाल लावून बसलेला. त्याने गुण्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. खोकं हा शब्द कागदावर लिहायची मनाई असल्यामुळे त्याच्या फाइलमध्ये सगळीकडे 'वस्तू' असं होतं.

"मिस्त्री, घाबरू नका. मी तुम्हाला हातसुद्धा लावणार नाही. त्या वस्तूत आत काय असतं?"

"काही नाही साहेब. पोकळ असते."

"नेहमी?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तो भुसा तुमचा नाही."

"नाही साहेब."

"मग इतकी वर्षं ती वाजली कशी नाही?"

याची तयारी त्याने केली नव्हती. पण गरजेला माणसाची जीभ बरी चालते. "थोरल्यांचं पाऊलच हलकं आहे साहेब," तो म्हणाला.

अधिकारी हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. मग त्याने जबानी लिहवून घेतली. 'सदर वस्तू पोकळ होती. आतील भुसा माझा नाही.' गुण्याने सही केली. कारकुनाने शिक्का मारला आणि कागद फाइलमध्ये लावला.

"चला, तुमचा मेहुणा वाचला," अधिकारी म्हणाला. "आठ-दहा वर्षं आत काढेल, पण जिवंत राहील. बायकोला जाऊन सांगा."

गुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला, नमस्कार केला, दारापर्यंत गेला.

"मिस्त्री, तपास संपला. आता एक घरगुती काम," अधिकारी मागून म्हणाला. "आज चार वाजता थोरले शाळांतल्या मुलांपुढे बोलणार आहेत. तुमच्या सुतारखान्यातून एक नवी वस्तू आणवलीय. भुसा भरायची तुमच्या मेहुण्याची कल्पना तशी वाईट नाही. आमच्या चार माणसांनी भरून पाहिली, पण वाजतेच. तुम्ही जरा बघता?"

गुण्या काही दूधखुळा नव्हता. त्याला यातला वास आला. खोकं समोर होतं, शेजारी भुशाचं पोतं, वाळू, पिशव्या, चिंध्या, नमदा, मोगरी. त्याने वाळूला हात लावला नाही, चिंध्यांकडे बघितलंही नाही. पोतं उचललं, भुसा भसाभस ओतला, फळी लावली आणि बाजूला झाला. असं भिकार काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. स्वतःच्या हाताने केलेलं ते काम त्याला बघवत नव्हतं, पण त्याने ते केलं. भावासारख्या माणसासाठी केलं. इथपर्यंत गुण्याला कुणी बोल लावू नये.

अधिकारी खोक्यावर चढला. ढब्ब.

"हं. असू दे," तो उतरत म्हणाला. "वय झालं की हात जातोच. थोरल्यांना मी समजावीन." मग कारकुनाकडे वळून, सहज, गुण्याने ऐकावं म्हणून नव्हे असं दाखवत, "त्या वायरमनने अर्धंच भरलं होतं, तरी याच्यापेक्षा कमी वाजलं होतं. सुतार व्हायला हवा होता तो."

गुण्याचा हात दाराच्या कडीवर होता. बाहेर रस्ता दिसत होता. तीन गल्ल्यांपलीकडे बायको उंबऱ्यात बसून वाट बघत होती. कडी काढायची आणि चालायला लागायचं, एवढंच उरलं होतं. पुढे अनेक वर्षं तो स्वतःला सांगत राहिला की सही झाली होती, शिक्का बसला होता, आता कशाने काय बिघडणार असं मला वाटलं. तसं काही वाटलं नव्हतं. मेहुणा, बायको, गोळी, तुरुंग, यातलं काहीएक त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हतं. वायरमनने भरलेलं खोकं आपल्यापेक्षा कमी वाजलं, एवढं एकच वाक्य होतं.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "ती मोगरी द्या इकडे."

त्याने सगळा भुसा ओतून टाकला. तळाला वाळूच्या पिशव्या अंथरल्या, तोंडं खाली दुमडून. नमदा कापला, एका झटक्यात, मापाने. भुसा मूठ-मूठ घातला आणि ठोकला. चिंध्या घेतल्या, डाव्या अंगाने पिळल्या, कोपऱ्यात ठासल्या आणि प्रत्येक वळी अंगठ्याने दाबून बघितली. अधिकारी रुमाल गालाला लावून बघत होता. मध्येच त्याने विचारलं, "कोपऱ्यांत ते कशाला?" आणि गुण्या मान वर न करता, शिकाऊ पोराला सांगावं तशा तिरसट आवाजात म्हणाला, "आवाज कोपऱ्यातूनच निघतो. एवढं पण कळत नाही?"

शेवटचा स्क्रू बसला. अधिकारी चढला. काही नाही. त्याने उडी मारली. काही नाही. बुटासकट दोन्ही पाय आपटले. जमिनीवर पोतं टाकावं एवढाही आवाज नाही. गुण्या घाम पुसत हसला. लहान मूल हसतं तसा, अगदी मोकळा.

अधिकाऱ्याने 'पार्सल' लिहिलेल्या खिडकीचं दार वर सरकवलं. आत जुनं खोकं होतं, मागची फळी काढलेलं. वरचा अर्धा भाग उकरलेला, खालचा तसाच. वाळूच्या पिशव्या, तोंडं खाली दुमडलेली. नमद्याचा सरळ काप. आणि कोपऱ्यांत, डाव्या अंगाने पिळलेल्या चिंध्यांच्या वळ्या.

गुण्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायला त्याला सुचलं नाही.

"त्याची बोटं तपासली आम्ही," अधिकारी म्हणाला. "तो उजव्या हाताचा आहे. तरी शंका होती. खात्री करून घेतलेली बरी." त्याने फाइलमधून जबानीचा कागद काढला आणि शांतपणे फाडला. "म्हणजे तो उपसतच होता."

"साहेब, मी... मलाही आत टाका. मी खोटी जबानी दिली." हे गुण्याने खरंच म्हटलं, गुडघ्यांवर बसून म्हटलं. तेवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

"तुम्हाला? आणि चार वाजता मुलांपुढे काय ठेवू?" अधिकारी म्हणाला. "असा सुतार मला दुसरा कुठे मिळणार?"

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी कचेरीच्या मागच्या आवारात मेहुण्याला गोळी घातली. दोन्ही सैनिकी अधिकारी त्याच आठवड्यात सरहद्दीवर जीप उलटून मेले असं कळवण्यात आलं. खटला चालला नाही. खटला चालवायचा तर कट सांगावा लागणार, कट सांगायचा तर गाठोडं कुठे ठेवणार होते ते सांगावं लागणार, आणि तिथे तर काहीच नव्हतं. ताईच्या घरी छापील पत्र आलं की आपला भाऊ कामावर असताना विजेचा धक्का लागून दगावला, सभागृह आपल्या दुःखात सहभागी आहे. ज्यांनी हा कट केला ते मेले आणि ज्यांनी तो मोडला ते तो असा विसरले की पुढे थोरले म्हातारे होऊन, मऊ गादीवर, तीन डॉक्टरांच्या देखत गेले तेव्हा एकाही वर्तमानपत्राने त्यांच्या जिवावर कधी कुणी उठलं होतं असं छापलं नाही.

त्या पत्राच्या दिवशी बायकोने गुण्याला एकच विचारलं होतं. "पोकळ म्हणालात ना?"

"म्हणालो. सहीसुद्धा केली."

दोन्ही खरं होतं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही तुमचं केलंत हो. तेच मेले दगाबाज." आणि तिथून गुण्याची खरी शिक्षा सुरू झाली. कारण ती त्याला जपायला लागली. ज्या माणसाला कधी खरं सोडून बोलता आलं नाही, दाराची फटसुद्धा लपवता आली नाही, तो माझ्या भावासाठी त्या कचेरीत जाऊन खोटं बोलला, असं ती मानत होती. त्याचं ताट वाढताना ती आधी स्वतः कडेशी सरळ लावी. त्याला खोकला झाला तर दिवसभर शेजारी बसे. जुनं भांडण निघालं की तीच माघार घेई. एकोणीस वर्षं तिने त्याला असं हातावर झेललं, आणि एकोणीस वर्षं तो तिच्या तोंडाकडे सरळ बघू शकला नाही. लाज वाटे. सांगून टाकावं असं दर आठवड्याला वाटे आणि सांगवत नसे. त्या काळात त्याने आणखी कितीतरी खोकी भरली. एकही वाजलं नाही, हे सांगायला नको.

गुण्या निवृत्त झाला, घरीच लहानसहान कामं घ्यायला लागला. एका दुपारी तो लाकडाच्या वखारीत गेलेला असताना दारात एक म्हातारे गृहस्थ आले. पातळ केस, मऊ आवाज. पुस्तकांचं कपाट करून घ्यायचं होतं, खण ओढताना आवाज होऊ नये अशी त्यांची अट. बायकोने खुर्ची दिली, पाणी दिलं. ते निवांत बसले आणि म्हातारी माणसं बोलतात तसे बोलायला लागले.

"तुमच्या मिस्टरांसारखा कारागीर मी पाहिला नाही, बाई. तुमच्या भावाच्या त्या प्रकरणात मी होतो. वाईट झालं, पण नोकरी होती. जबानी दिली होती त्यांनी, सही झाली होती, मी सोडूनही दिलं होतं. दारापर्यंत गेले होते ते. कडीवर हात होता. मी म्हटलं, वायरमनने याच्यापेक्षा बरं भरलं होतं. झालं! परत आले आणि काय भरलंय म्हणता! मी उड्या मारल्या त्याच्यावर. कला आहे ही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा थबकले. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. ते कपाटाची मापं आणि खाली आपलं नाव कागदावर लिहून ठेवून गेले.

गुण्या आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. समोर त्याचं ताट होतं, वाढलेलं, पण तिरपं. त्याने फळ्या भिंतीला टेकवल्या, तो कागद पाहिला, त्यावरचं नाव पाहिलं आणि तो उभाच राहिला. त्याला सगळं कळलं. ती ओरडली असती, अंगावर धावून आली असती तर त्याने ते हात पसरून घेतलं असतं, इतकी वर्षं त्याचीच तर वाट बघत होता तो.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"कशाला?"

"भरायला. दारावरून परत आल्यावर."

तो खाली बसला. माफीचे शब्द एकोणीस वर्षं तयार होते, तोंडाशी होते.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. आणि मग, ती अजून बघतेय असं पाहून, हलक्या आवाजात, "पंधराच लागली असती. पण त्यांनी दिलेला भुसा ओला होता."